जुना हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर घेताना तेल तापू द्यावे

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात पन्नास वर्षांपूर्वीचे बागकामाचे छोटे ट्रॅक्टर आजही गवत कापतात, बर्फ लोटतात आणि हातोहात विकलेही जातात. सत्तरच्या दशकातला 'कब कॅडेट १६५०' हा त्यांतला माझ्या विशेष आवडीचा. तो इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. १९६३ साली महिंद्रांनी ज्या कंपनीच्या भागीदारीत भारतात ट्रॅक्टरचा उद्योग उभारला, तीच ही कंपनी. त्याचे १६ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, कोलर कंपनीचे इंजिन ओतीव लोखंडाचे असून जाणकार मेकॅनिक ते पुन्हा उभे करू शकतो. म्हणून खरेदीच्या वेळी इंजिनापेक्षा हायड्रोस्टॅटिक पेटीकडे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहाने चाकांपर्यंत नेणाऱ्या पेटीकडे, अधिक बारकाईने पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

या पेटीत वेगासाठी गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिन एक पंप फिरवते. पंपाच्या फिरत्या ठोकळ्यात लहान दट्टे वर्तुळाकार बसवलेले असतात आणि त्यांची टोके एका तिरप्या चकतीवरून घसरत फिरतात. चकती जितकी तिरपी, तितकी दट्ट्यांची पुढेमागे होणारी हालचाल मोठी आणि तितके जास्त तेल पुढे ढकलले जाते. ते तेल शेजारच्या हायड्रॉलिक मोटरला फिरवते आणि मोटर मागच्या चाकांना. चकती कलवणारी चालकाची तरफ मध्यावर आणली की चकती सरळ होते आणि प्रवाह थांबतो, ती उलट बाजूला कलली की तेल उलटे वाहते आणि ट्रॅक्टर मागे जातो.

दट्टा आणि त्याचे भोक यांच्यामध्ये रबरी सील नसते. केसापेक्षाही बारीक फटीतला तेलाचा पातळ थरच सीलचे काम करतो. अशा फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे झिजून फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. शिवाय तेल तापले की पातळ होते आणि गळती आणखी वाढते. झिजलेला पंप थंड तेलावर तरुणासारखा धावतो, पण अर्धा तास काम केल्यावर चढावर धाप टाकू लागतो, याचे कारण हेच. विकणाऱ्याच्या अंगणात दोन फेऱ्या मारून समाधान मानू नये; वीस-तीस मिनिटे चालवून, तेल चांगले तापल्यावर, उतरणीच्या पायथ्यापासून वर चढवून पाहावा.

तरफ मध्यावर असतानाही ट्रॅक्टर हळूहळू सरकत असेल, तर मात्र घाबरून व्यवहार मोडू नये. पुष्कळदा पंप निर्दोष असतो आणि चकती वळवणाऱ्या जोडणीची खाच तेवढी झिजून रुंद झालेली असते. ती वेल्डिंगने भरून कानशीने पुन्हा चौकोनी करता येते.

तेल बोटावर घेऊन उजेडात धरावे. चांगले तेल मधासारखे पारदर्शक दिसते. दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. थंडीत उघड्यावर ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीत हवेतली वाफ गार होऊन हे पाणी साचते. पाणी वंगणाचा थर मोडते आणि गंज आणते. असे तेल एकदा बदलून भागत नाही. काही तास चालवून दुसऱ्यांदा बदलावे लागते. या ट्रॅक्टरला साधारण ६.६ लिटर 'हाय-ट्रान' तेल लागते. तेच तेल मागच्या गिअरनाही वंगण देत असल्यामुळे गिअरची लोखंडी भुकटी पंपापर्यंत पोहोचू नये, हे काम फिल्टरचे. फिल्टर तुंबला की पंपाला पुरेसे तेल ओढता येत नाही आणि तो कण्हल्यासारखा आवाज करतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावाच. पंपाच्या पंख्यात आणि पेटीच्या पात्यांत अडकलेले वाळके गवत ब्रशने काढावे, कारण ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

नवे तेल भरल्यावर मागची चाके जमिनीपासून उचलून ट्रॅक्टर ठोकळ्यांवर पक्का टेकवावा, इंजिन मंद ठेवावे आणि तरफ सावकाश पुढेमागे करत राहावी. अडकलेली हवा निघून गेली की चाकांचे धक्के थांबतात. मग तेलाची पातळी पुन्हा पाहावी. ती बहुधा थोडी खाली गेलेली असते.