पर्णपोषण : घरातील फुलझाडे (कोकण किनारपट्टी)

विद्राव्य अन्नद्रव्यांचे विरल द्रावण पानांवर फवारून वनस्पतींना पोषण देण्याची पद्धत. ती मुळांवाटे होणाऱ्या पोषणाला पूरक असते. लोह, जस्त, मँगॅनीज ही सूक्ष्म अन्नद्रव्ये अत्यल्प लागतात, त्यामुळे त्यांची उणीव फवारणीने लवकर भरून निघते. नत्र, स्फुरद व पालाश यांची सगळी गरज मात्र पानांतून भागत नाही.

उगम : सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या वनस्पतीविषयक संस्कृत ग्रंथातील (सु. दहावे-अकरावे शतक) कुणपजलाच्या आधारे ही पद्धत मूळ भारतीय मानण्याकडे काहींचा कल आहे. परंतु कुणपजल हे प्रामुख्याने मुळाशी घालण्याचे द्रवखत होय. त्यामुळे आरंभाचा मान फ्रान्सच्या ऊझेब ग्री यांना देणे अधिक सयुक्तिक. पिवळी पडलेली पाने लोहक्षारांच्या द्रावणाने पुन्हा हिरवी होतात, असे त्यांनी १८४० च्या दशकात दाखविले. पानांतून द्रव्य खरोखर आत शिरते व इतर भागांत जाते, याचा निर्णायक पुरावा १९५० च्या दशकात मिशिगनमध्ये टुकी व विटवर या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी समस्थानिकांच्या (ज्यांचा माग किरणोत्सारावरून काढता येतो अशा मूलद्रव्य-प्रकारांच्या) साहाय्याने दिला.

शोषणाचा मार्ग : याविषयी मतभेद आहेत. पृष्ठताणामुळे शुद्ध पाणी पर्णरंध्रांतून (पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून) आत जाऊ शकत नाही, असे शोनहेर व बुकोव्हाक या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडले. त्यामुळे उपत्वचा (पानावरील मेणचट बाह्य थर) हाच मार्ग मानला जाऊ लागला. पुढील संशोधनात रंध्रांच्या भिंतींवरून पाण्याच्या पातळ थराद्वारे शोषण होत असल्याचे आढळले. दोन्ही मार्ग मानणे आज ग्राह्य वाटते. कोणत्याही मार्गाने शिरायचे तरी क्षार विरघळलेला असावा लागतो. कॅल्शियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच हवेतील ओलावा ओढून विरघळते. पोटॅशियम नायट्रेटला ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. कोकणातही हिवाळ्यातील दुपारी त्याचे स्फटिक पानावर सुकून राहतात; म्हणून फवारणी सकाळी लवकर, हवा दमट असताना करणे श्रेयस्कर.

कोकणातील स्थिती : फवारणी येथे आंबा बागायतीमुळे परिचित आहे. फळे वाटाणा, गोटी व अंड्याएवढी असताना हापूसवर १ टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारतात. ओटी-पडवीतील कुंड्यांना ही मात्रा जड पडते. त्यांना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम किंवा त्याहून कमी पुरते. नारळाच्या सोडणावर किंवा कोकोपीटमध्ये वाढविलेल्या ऑर्किड व अँथुरियमना कॅल्शियम कमी पडू शकते, पण पानांवर फवारलेले कॅल्शियम फुलांपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. ऑर्किडची पाने जाड असतात. फवाऱ्यातील बरेचसे द्रव्य प्रत्यक्षात हवाई मुळेच शोषतात.

दमटपणासाठी पाने भिजविण्याचा सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशांतला आहे. पावसाळ्यातील किनाऱ्यावर तो निरर्थक, किंबहुना बुरशीला आमंत्रण देणारा ठरतो. एप्रिल-मेमध्ये समुद्रालगतच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी फवारल्यास पानांच्या कडा करपतात. साठविलेले पागोळ्यांचे पाणी त्याहून चांगले. आफ्रिकन व्हायोलेटच्या लवदार पानांवर गार पाण्याने वलयाकार डाग पडतात, म्हणून त्याला फवारणी टाळून खत कुंडीतच देतात.