यूबीई३ए: वडिलांकडून आलं की गप्प बसणारं जनुक

पेशीतलं नको झालेलं प्रथिन मोडीत काढायचं, तर आधी त्यावर खूण लावावी लागते. ही खूण म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. तीन विकरं ती हातोहात पुढे देतात. पहिलं एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून तिला तयार करतं, दुसरं वाहून आणतं आणि तिसरं नेमकं प्रथिन हेरून त्यावर चिकटवतं. साधारण चार खुणांची साखळी झाली की प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. यूबीई३ए हे १५व्या गुणसूत्रावरचं जनुक यातलं तिसऱ्या प्रकारचं विकर बनवतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू याच विकराला हाताशी धरून कर्करोग रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाचा काटा काढतो.

गंमत मेंदूत आहे. इतर बहुतेक पेशींत आई-वडिलांच्या दोन्ही प्रती चालतात, पण चेतापेशींत फक्त आईची. वडिलांची प्रत धडधाकट असते, मात्र उलट्या दिशेने वाचला जाणारा एक लांबलचक आरएनए तिला दाबून ठेवतो. त्यामुळे आईची प्रत बिघडली की बदली कामगार हजर असूनही काम ठप्प. यातून होतो अँजेलमन सिंड्रोम: बोलणं जवळपास नाही, चाल डगमगती, झटके आणि कारण नसताना हसू. हॅरी अँजेलमन यांनी १९६५ साली तो मांडला. यूबीई३एशी त्याचा संबंध १९९७ साली जुळला.

तपासणीत लोक फसतात ते इथे. आधी मिथिलेशन चाचणी करतात, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक ठशांवरून आईकडची आणि वडिलांकडची प्रत ओळखतात. सुमारे ७० टक्के रुग्णांत आईकडच्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. तो आणि आणखी दोन प्रकार धरून ती सुमारे ८० टक्के रुग्ण पकडते. पण जनुकात डीएनएचं एखादंच अक्षर चुकलेलं असेल, तर हा अहवाल नॉर्मल येतो. लक्षणं जुळत असतील तर तिथे न थांबता यूबीई३एचं सिक्वेन्सिंग (अक्षर-अक्षर वाचणं) करावं लागतं. नुसती फिश चाचणी (चमकत्या रंगाने गुणसूत्राचा ठरावीक भाग शोधणारी) तुकडा गळाल्याचं दाखवते, पण कोणाकडचा ते सांगत नाही. वडिलांकडचा गळाला तर आजार निराळा, प्रेडर-विली.

तुकडा गळाला असेल तर पुढच्या बाळाला धोका सहसा १ टक्क्याहून कमी. अक्षरातली चूक आईतच असेल तर तो दर खेपेला ५० टक्के. आईला ती तिच्या वडिलांकडून मिळाली असेल, तर ती स्वतः ठणठणीत असते. तीच चूक असलेल्या मामाची मुलंही ठणठणीत, मावशीच्या मुलांना मात्र धोका. आणि मामाच्या मुलीकडे ती उतरली असेल, तर तिच्या मुलांनाही.