अंथरुण धरलेल्या वृद्धांची घरी तपासणी: गोव्यात अर्ज कुठे आणि कसा करायचा

मुलगा दुबईला, मुलगी पुण्याला आणि घरात एकटी आई. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या वाड्यांवर अशी घरं काही कमी नाहीत. हिंडतंफिरतं माणूस कदंबाची सरकारी बस पकडून आरोग्य केंद्र गाठतं. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात (२०१०-११ पासून) घरभेटीची तरतूद आहे. वय ६० च्या पुढे हवं आणि घराबाहेर पडणं अशक्य असायला हवं.

गोव्यात आशाताई नाहीत, त्यामुळे थेट उपकेंद्रातल्या नर्सबाईंना गाठा. घरी येतात त्या बहुतेक वेळा त्याच. दर खेपेला डॉक्टर येतील असं धरून चालू नका. लकवा किंवा मोडलेल्या हाडामुळे पडून असलेल्यांकडे सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पुनर्वसन कर्मचाऱ्याने जावं, अशीही सोय या कार्यक्रमात आहे. तशी गरज असेल तर अर्जात स्पष्ट मागा.

अर्ज साध्या कागदावर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करावा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, म्हणून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आजार काय, कधीपासून पडून आहेत, दार कोण उघडणार आणि त्या शेजाऱ्याचा फोन, हे सगळं लिहा. नुसत्या घर क्रमांकावर आपल्याकडे घर सापडत नाही; वाडा आणि जवळचं देऊळ हवंच.

सोबत आधार किंवा मतदार ओळखपत्र आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा इस्पितळाच्या जुन्या डिस्चार्ज कागदांच्या झेरॉक्स जोडा. खरा घोळ होतो तो औषधांचा. बिस्किटांच्या डब्यात कापलेल्या पट्ट्या असतात, नाव छापलेला तुकडा कधीच कचऱ्यात गेलेला असतो आणि नर्सबाई गोळीच्या रंगावरून अंदाज बांधत बसतात. त्यामुळे पट्ट्या अख्ख्याच ठेवा.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड किंवा ७० आणि त्यापुढच्या वयाच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं; घरभेटीशी त्याचा संबंध नाही, तरी लोक तेच पुढे करतात. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, तर नर्सबाईंची वाट न पाहता १०८ लावा. अर्ज कुणाकडे द्यायचा हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विचारा. मुलं परगावाहूनही हा फोन करू शकतात.