डासाचा एक पाय पुरतो

डासाच्या पायावर पांढरे पट्टे दिसले की लोक लगेच म्हणतात हा डेंग्यूवाला एडिस इजिप्टी. पण पट्टे एडिस अल्बोपिक्टसलाही असतात, तोही डेंग्यू पसरवतो, फरक बघायचा तर पाठीवर बघावं लागतं, अल्बोपिक्टसला मधोमध एकच पांढरी रेघ आणि इजिप्टीला वीणेसारखी नक्षी. पकडायच्या सापळ्यात फडफडून अंगावरचे खवले झडले की ती नक्षीही जाते.

मलेरियाचं प्रकरण अजून अवघड. आपल्या खेड्यांमधला अॅनोफिलीस क्युलिसिफेसिस हा एक डास नाहीच, ए, बी, सी, डी, ई अशा पाच प्रजाती आहेत, दिसायला सगळ्या सेम, आणि त्यातली बी मलेरिया फारसा पसरवत नाही. अॅनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस या दुसऱ्या डासाचंही तसंच, त्यातली एस प्रजाती माणसाला चावते, टी मुख्यतः गुरांना.

इथे डीएनए बारकोडिंग कामी येतं, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं. 2003 मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी मांडलेली ही कल्पना मला प्रचंड आवडते. मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातला, सीओआय नावाचा जीन घ्यायचा, त्यातली डीएनएची साधारण 658 अक्षरं वाचायची, बस. एका पेशीत मायटोकॉन्ड्रिया शेकड्यांनी असतात म्हणून डासाचा एक पाय पुरतो. आणि हाच जीन का, तर तो श्वसनाचं प्रोटीन बनवतो, ते बिघडलं तर जीव जगत नाही, म्हणून प्रोटीन फारसं बदलत नाही. पण डीएनएची तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक मणी, ठरतं, आणि तिसरं अक्षर बदललं तरी बऱ्याचदा अमिनो आम्ल तेच राहतं, सीटीटी काय किंवा सीटीए काय, ल्यूसीनच. असे बिनधोक बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. त्यामुळे एकाच प्रजातीत फरक बहुधा दोन टक्क्यांच्या आत आणि वेगळ्या प्रजातींमध्ये त्याहून जास्त. 2007 मध्ये भारतातल्या डासांच्या 63 प्रजातींवर हे करून पाहिलं गेलं आणि जवळजवळ सगळ्या ओळखता आल्या.

पण बारकोड म्हणजे जादू नाही. नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींचे सीओआय इतके सारखे असतात की आयटीएस2 सारखा डीएनएचा दुसरा तुकडा वाचावा लागतो.

बरं, प्रजाती कळली तरी सापडलेली डासाची मादी नेमकी कुणाला चावली? त्यासाठी तिच्या पोटातल्या रक्ताचा डीएनए वाचतात, माणूस की गाय ते कळतं. फक्त रक्त पचायच्या आत, म्हणजे साधारण दीड-दोन दिवसांत ती सापडायला हवी, म्हणून संशोधक पहाटे घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर बसलेल्या, पोट लाल दिसणाऱ्या माद्या गोळा करतात.