ताउल

स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील, पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसलेले एक लहान गाव. लोकवस्तीच्या मानाने ताउलचे नाव फारच मोठे आहे, आणि त्याचे कारण म्हणजे बाराव्या शतकाच्या पहिल्या चरणात येथे उभी राहिलेली दोन चर्चे व त्यांतील भित्तिचित्रे. मध्ययुगीन युरोपीय चित्रकलेच्या अभ्यासकाला या गावाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

सांत क्लिमेंत चर्चची प्रतिष्ठापना १० डिसेंबर ११२३ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सांता मारिया चर्चची. दोन्ही विधी रोदा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांच्या हस्ते पार पडले. सांत क्लिमेंतच्या एका खांबावर हा प्रसंग लॅटिनमध्ये रंगाने लिहून ठेवलेला होता. बहुतेक रोमनेस्क (सुमारे अकराव्या-बाराव्या शतकांतील युरोपीय शैलीच्या) वास्तूंचा काळ केवळ शैलीवरून अजमावावा लागत असताना येथे दिवसासकट तारीख मिळते, हे ताउलचे खरे ऐतिहासिक मोल आहे. एवढ्याशा डोंगरी वस्तीत एकामागोमाग दोन चर्चे बांधण्याइतका पैसा कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा खोऱ्याचे सरदार असलेल्या एरिल घराण्यात शोधले जाते. आरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो याने १११८ मध्ये सारागोसा जिंकून घेतले, त्या काळातील मोहिमांत या घराण्याने भाग घेतला होता, आणि तेथील लूट व मानमरातब यांचा काही वाटा या बांधकामांकडे वळला असे मानतात.

सांत क्लिमेंत गावाच्या कडेला आहे. स्थानिक दगडाच्या लहान चिऱ्यांनी रचलेली ही वास्तू बाहेरून साधीच. आत गोल खांबांच्या दोन रांगांनी पडलेले तीन दालनमार्ग, वर लाकडी छप्पर आणि पूर्वेस तीन अर्धवर्तुळाकार कक्ष आहेत. शेजारचा चौकोनी, सहा मजली घंटामनोरा मात्र दुरूनही नजरेत भरतो. त्याच्या खिडक्या आणि भिंतींवरील आंधळ्या (म्हणजे आरपार उघड्या नसून केवळ शोभेच्या) कमानींच्या पट्ट्या उत्तर इटलीतील लोंबार्द गवंड्यांच्या परंपरेतल्या आहेत. सांता मारिया गावाच्या मध्यभागी असून घरे तिच्याभोवतीच दाटलेली आहेत. तिच्या मुख्य कक्षात बाल येशूला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसलेली मारिया आणि भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी पुरुष चितारले होते. सांत मार्ती या तिसऱ्या चर्चचे केवळ अवशेष उरले आहेत.

सांत क्लिमेंतच्या मुख्य कक्षातील ख्रिस्ताचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. प्रभावळीत बसलेल्या ख्रिस्ताच्या हाती उघडे पुस्तक असून त्यावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. दोन्ही बाजूंस ग्रीक वर्णमालेतील आद्य व अंत्य अक्षरे आहेत. या चित्राची जोरकस काळी रेघ आणि निळ्या रंगाचा गहिरेपणा विसरता येत नाही. तो निळा रंग पिरेनीजमध्ये मिळणाऱ्या एरिनाइट या खनिजापासून केलेला होता. जवळच बायबलमधील दृष्टांतातल्या भिकारी लाझरच्या जखमा चाटणारा कुत्राही रंगवला आहे. त्याची करुणा ख्रिस्ताच्या भव्यतेइतकीच मनाला भिडते. चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही, म्हणून त्याला ‘ताउलचा गुरु’ म्हणतात.

१९०७ मध्ये कातालान अभ्यास संस्थेच्या मोहिमेने, वास्तुविद झुझेप पुच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखाली, या खोऱ्यातील कलेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कातालोनियातीलच मूर येथील चर्चची भित्तिचित्रे विकली जाऊन बोस्टनला पोहोचली, तेव्हा उरलेली चित्रे वाचवण्यासाठी बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने ती विकत घेऊन १९१९ ते १९२३ या काळात भिंतींवरून उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे आणि मग रंगाचा पातळ थर कापडासह भिंतीवरून सोलून काढायचा, अशी ती इटालियन कारागिरांची पद्धत होती. मूळ चित्रे आता बार्सिलोनातील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. गावात भिंतीवर राहिलेल्या मूळ रंगाच्या खुणांवर २०१३ पासून प्रकाशझोताने संपूर्ण चित्र दाखवले जाते. बोई खोऱ्यातील नऊ रोमनेस्क चर्चांना, ज्यांत ताउलची ही दोन्ही येतात, युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.