पाटीवरचं साल आणि नोंदणीची तारीख

इंदूरला राजवाड्याजवळच्या एखाद्या जुन्या, घरच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांच्या काळातलं साल असतं आणि जीएसटी प्रमाणपत्रावर १ जुलै २०१७. मग 'पाटी खोटी' असा निकाल लागतो. तो चुकीचा आहे. त्या दिवशी जीएसटी लागू झाला आणि जुने करदाते त्यात वर्ग झाले, एवढाच त्या तारखेचा अर्थ.

गुमास्त्याचंही, म्हणजे दुकानाच्या नोंदणी-दाखल्याचंही, तेच. मध्य प्रदेशचा दुकाने व आस्थापना कायदा १९५८चा, त्यामुळे त्याखालची नोंद त्याआधीची असूच शकत नाही. भागीदारीचा दस्त तर आणखी फसवा. १९३२च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, आणि एकत्र हिंदू कुटुंबाचा धंदा भागीदारीत मोडतच नाही. दोघांपैकी एक भागीदार वारला की फर्म विसर्जित होते; मुलगा आला की नवा दस्त, नवी तारीख. दुकान मात्र तेच.

खरा पुरावा जुन्या बिलांत सापडतो. रुपये-आणे-पै असेल तर बिल बहुधा १९५७च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. 'नये पैसे' छापलं असेल तर १९५७ ते १९६४मधलं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. पण छापील मजकुरावर विसंबू नका, जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरली जायची. हातानं लिहिलेली तारीख बघा. वहीखात्यात ती बहुतेकदा विक्रम संवतात असते: कार्तिकात सुरू होणाऱ्या संवतातून दिवाळीनंतर ५७, नव्या वर्षाच्या जानेवारीपासून ५६ वजा करा. हे विसरलं की दुकान उगाच अर्ध्या शतकानं तरुण होतं.