वजनकाट्याचा शेवटचा आकडा नाचतोय? आधी अडॅप्टर तपासा

रिपेअरला येणाऱ्या काट्यांपैकी बरेच काटे खरं तर ठणठणीत असतात. आमच्या टेबलवर चांगल्या सप्लायला लावले की रीडिंग गप्प बसतं, तुमच्याकडे परत गेले की शेवटचा आकडा पुन्हा नाचायला लागतो. म्हणून लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा सेन्सर) बदलायचा खर्च करायच्या आधी एवढं करून बघा. काट्यात बॅटरी असेल तर ती फुल चार्ज करा, अडॅप्टरची पिन काढा, थोडा वेळ काटा नुसत्या बॅटरीवर चालवा आणि तेच वजन पुन्हा ठेवा. रीडिंग थांबलं तर दोष अडॅप्टरचा, प्लगपॉइंटचा नाहीतर अर्थिंगचा. बॅटरीवरही नाचत असेल तर पंख्याचा वारा, हलणारं टेबल, पॅनखाली अडकलेला कचरा हे बघा आणि मग आम्हाला फोन करा.

अडॅप्टरने एवढा फरक का पडतो? कारण लोडसेलचा सिग्नल फारच बारीक असतो. नेहमीचा लोडसेल दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ५ व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला जेमतेम १० मिलिव्होल्ट. ६०० ग्रॅमचा काटा ०.०२ ग्रॅमने मोजत असेल तर त्या १० मिलिव्होल्टचे ३०,००० भाग पडले, एका भागाच्या वाट्याला साधारण ०.३ मायक्रोव्होल्ट! आणि स्वस्तातल्या स्विचिंग अडॅप्टरच्या आउटपुटवर ५०-१०० मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक थरथर, सहज असतो. काट्यातला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि फिल्टर त्यातला बहुतेक मारतात, सावकाश होणारा चढउतार तर काटा स्वतःच सांभाळून घेतो कारण लोडसेलला जे व्होल्टेज जातं त्याच्याशीच तुलना करून तो मोजतो, पण जलद नॉइज (विजेतली नको असलेली खळबळ) थोडा जरी आत शिरला तरी शेवटच्या आकड्यावर दिसतोच.

नवीन अडॅप्टर घेताना काट्याच्या मागची प्लेट वाचा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत. एसी की डीसी तेही जुळलं पाहिजे, काही काटे एसी आउटपुटच्या अडॅप्टरवर चालतात. पिनचं आतलं टोक प्लस की मायनस याची छोटी खूण लेबलवर असते, ती बघितल्याशिवाय पिन घालूच नका, उलटी पडली तर आतलं सर्किट जाऊ शकतं. अँपिअर मात्र जास्त असले तरी काही बिघडत नाही, काटा पाहिजे तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर बॅकलाइट लागला किंवा बॅटरी चार्जिंगला लागली की व्होल्टेज बसतं आणि रीडिंग उडतं.

जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर नॉइजच्या बाबतीत चांगला, पण त्यावर रेग्युलेटेड लिहिलेलं पाहिजे. नाहीतर ९ व्होल्टच्या अडॅप्टरला लोड कमी असताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसतात, ते जास्तीचे व्होल्ट काट्यातला रेग्युलेटर उष्णता करून घालवतो, काटा आतून तापतो आणि झिरो सरकत राहतो. काट्याच्या कंपनीचाच अडॅप्टर मिळत असेल तर जास्त विचार न करता तोच घ्या.

स्टीलच्या पॅनला हात लावला की आकडा बदलतो, ही तक्रारही खूप येते. दोन पिनांच्या स्विचिंग अडॅप्टरमध्ये मेन्सकडून आउटपुटकडे जाणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो, आणि अर्थिंग नसल्यामुळे अख्खा काटाच तरंगत्या व्होल्टेजवर असतो. तीन पिनांचा, आउटपुट अर्थला जोडलेला अडॅप्टर लावला की हे सहसा थांबतं, फक्त तुमच्या प्लगमध्ये अर्थिंग खरंच आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. काटा कॉम्प्युटरला किंवा प्रिंटरला जोडलेला असेल तर सगळ्यांचे प्लग एकाच पॉइंटवरून घ्या.

स्टॅबिलायझर घेऊ का, हे बरेच जण विचारतात. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आमच्या मते गरज नाही, तेवढा चढउतार तो तसाही पचवतो. उलट रिलेवाला स्टॅबिलायझर टकटक करत टॅप बदलतो तेव्हा प्रत्येक वेळी झटका येतो. वारंवार लाइट जात असेल तर प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या, जमलं तर ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे लाइट असतानाही सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधून वीज देणारा. साध्या यूपीएसच्या स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. आणि फ्रिज, ग्राइंडर, सीलिंग मशीन यांच्याच एक्स्टेंशनवर काटा लावू नका, याला एक पैसाही लागत नाही आणि कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं.

मिलिग्रॅमचा काटा चालू केल्या केल्या वापरायचा नसतो, निदान अर्धा तास तापू द्या, त्याहून बारीक असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पाळा आणि रात्री स्विच बंद न करता स्टँडबायवर ठेवा. आकडा नाचत असताना कॅलिब्रेशन तर अजिबात करू नका, त्या क्षणाची चूक काट्यात कायमची बसते आणि मग प्रत्येक वजन चुकत राहतं. ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी असेल तर ती रिकामी करून महिनोन्महिने तशीच ठेवू नका, प्लेटवर सल्फेट चढतं आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही.

अडॅप्टर घ्यायला येताना जुना सोबत आणा, जळालेला असला तरी चालेल, पिनची जाडी त्यावरूनच कळते. यायला जमत नसेल तर काट्याच्या प्लेटचा, अडॅप्टरच्या लेबलचा आणि पिनचा जवळून फोटो पाठवा, त्याच प्लगवर आणखी काय काय चालतं तेही लिहा.